खिडकीतली बाग : ‘आकडा कुठाय?’



दरवर्षी या सदरातून मी तुम्हाला काहीतरी लावायला सांगते. यंदा लावण्याआधी एक चूक निस्तरायची आहे, आणि ती माझी आहे.

ज्यांनी जुने अंक जपून ठेवले आहेत त्यांनी २०२१ चा दिवाळी अंक काढावा. त्यात याच सदरात ‘अखेर ॲन आर्बरमध्ये हिरवा चाफा फुलला’ असा माझा लेख आहे. फोटोसकट. तो लेख वाचून अनेकांनी फोन केले, काहींनी घरी येऊन वास घेतला आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत मी त्या झाडाच्या फांद्या रुजवून सात घरांना रोपे दिली. सलीन, कँटन, नोव्हाय, इप्सिलांटी, आणि बाकीची इथे गावातच.

ते झाड हिरवा चाफा नव्हते.

हे मला कोणा शास्त्रज्ञाने सांगितले नाही. सांगितले ते आमच्या गल्लीत पाहुण्या आलेल्या एका आजींनी. वय वर्षे चौऱ्याऐंशी, माहेर गुहागरकडचे, सासर चिपळूण. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. खरे तर माझ्या वयाने त्यांना काकू म्हणायला हवे, पण नातवंडांचे ऐकून सगळी गल्ली त्यांना आजीच म्हणायला लागली, तशी मीही. जूनमध्ये एका संध्याकाळी त्या आमच्या डेकवर चहाला आल्या. मी मोठ्या अभिमानाने कुंडी पुढे सरकवली. त्यांनी फूल हातात घेतले, हुंगले, पुन्हा हुंगले.

‘‘वास छान आहे गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण हा हिरवा चाफा नव्हे.’’

मी म्हटले, ‘‘आजी, इथल्या हवेत जरा वेगळा दिसत असेल.’’

‘‘हवेने रंग बदलेल, एक वेळ वास बदलेल. पण आकडा कुठाय?’’

‘‘कसला आकडा?’’

आजींनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी गाय पाळली आहे आणि शिंगे म्हणजे काय ते विचारते आहे.

‘‘अगं, हिरव्या चाफ्याचं फूल पानासारखंच हिरवं असतं. पानांत शोधून सापडत नाही. आम्ही पोरी आधी आकडा शोधायचो. फांदीला गळासारखा वाकडा आकडा असतो, त्याला फूल लटकलेलं असतं. आकडा सापडला की फूल सापडलं. याला आकडाच नाही. मग तुला फूल सापडलं कसं?’’

मला फूल सापडायला काही कष्टच पडले नव्हते. ते समोरच लोंबत होते. तीन वर्षे.

कुठे चुकले

त्या रात्री मी सगळे पुन्हा वाचून काढले. चूक अशी झाली होती. हिरव्या चाफ्याला इंग्रजीत ‘क्लाइंबिंग इलांग-इलांग’ म्हणतात, म्हणजे चढणारा इलांग-इलांग. मी फ्लोरिडाहून झाड मागवताना त्यातला ‘चढणारा’ हा शब्द सोडून दिला आणि नुसता ‘इलांग-इलांग’ शोधला. ठेंगणी जात मिळाली, कुंडीत मावणारी, म्हणून खूश झाले. विकणाऱ्याने पाटीवर नाव बरोबर लिहिले होते. वाचणारी मी होते.

इलांग-इलांग, शास्त्रीय नाव कनांगा ओडोराटा, हे आग्नेय आशियातले झाड. फिलिपिन्सपासून इंडोनेशियापर्यंत ते घरोघरी ओळखीचे आहे. त्याच्या फुलांपासून काढलेले तेल अत्तरांत जाते. १९२१ साली निघालेल्या ‘शनेल नंबर ५’ या प्रसिद्ध अत्तरातही ते आहे. मूळ झाड मोठा वृक्ष होतो. माझ्याकडची जात ठेंगणी, माणसाच्या उंचीची.

हिरवा चाफा हा त्याच कुळातला, पण वेगळा गडी. शास्त्रीय नाव आर्टाबोट्रिस हेक्झापेटॅलस. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचे मूळ घर. तो वृक्ष नाही. झुडपासारखा सुरू होतो आणि आधार मिळाला की दांडगा वेल होतो. आणि गंमत पाहा, आजींचा आकडा त्याच्या नावातच आहे. ‘आर्टाबोट्रिस’ हे दोन ग्रीक शब्दांचे मिळून झाले आहे, लटकवणे आणि द्राक्षांचा घोस. फळांचा घोस आकड्याला लटकतो म्हणून. त्याचे एक जुने शास्त्रीय नाव ‘अन्सिनॅटस’ असे होते, म्हणजे लॅटिनमध्ये सरळ ‘आकडेवाला’. गुहागरच्या पोरींनी आणि युरोपातल्या पंडितांनी झाडाची एकच खूण धरली होती. मीच तेवढी राहिले होते.

नावातला दुसरा शब्द, ‘हेक्झापेटॅलस’, म्हणजे सहा पाकळ्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजींना बोलावले, पांढऱ्या बशीत माझे फूल ठेवले आणि आम्ही दोघींनी पाकळ्या एकेक करून सोडवल्या. पंधरा निघाल्या. दुसऱ्या फुलाच्या अठरा. सगळ्या लांब, अरुंद, कुरळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. तीन वर्षांत मी त्या एकदाही मोजल्या नव्हत्या.

चाफा हे आडनाव आहे

आपल्या भाषेनेही थोडा गोंधळ घातला आहे, हे मान्य करू या. ‘चाफा’ हे आडनावासारखे आहे. जोशी म्हटले की सगळे एकमेकांचे नातेवाईक असतातच असे नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. देवळाबाहेरचा पांढरा देवचाफा कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिका खंडातला, म्हणजे आपल्यापेक्षा तोच इथला. भुईचाफा आले-हळदीच्या घरातला. नागचाफा आणखी वेगळा. यांतल्या सोनचाफ्याशी हिरव्या चाफ्याचे लांबचे नाते आहे, दोघे एकाच गणातले. बाकीच्यांशी नुसते आडनाव जुळते.

हिरव्या चाफ्याचे खरे सख्खे म्हणजे सीताफळ, रामफळ आणि सोसायट्यांच्या कंपाउंडला लावतात तो सरळसोट खोटा अशोक. अठराव्या शतकात थोरल्या लिनियसच्या मुलाने हिरव्या चाफ्याचे वर्णन केले तेव्हा त्याने त्याला सीताफळाच्याच प्रजातीत घातले होते. नंतर तो वेगळा काढला गेला.

आणि या कुळातली एक व्यक्ती आपल्या मिशिगनमध्ये राहते. शिकागोला जाताना आय-९४ वर कॅलमाझू मागे टाकले की ‘पॉ पॉ’ अशी पाटी लागते. मुले दर वेळी हसतात. त्या गावाला नाव मिळाले नदीवरून, आणि नदीला पॉपॉच्या झाडांवरून. पॉपॉ हे सीताफळाच्या कुळातले, बर्फ सोसणारे झाड. दक्षिण मिशिगनच्या रानांत ते आपोआप उगवते. मे महिन्यात, पाने यायच्या सुमारास, त्याला लालसर तपकिरी फुले लटकतात. एक फूल हातात घेऊन मोजा. बाहेर तीन हिरवी दले, आत तीन पाकळ्या, त्यांच्या आत आणखी तीन. हीच रचना हिरव्या चाफ्याची. चाफा फुललेला पाहण्याआधी त्याचे फूल कसे असते ते शिकायचे असेल, तर शेजारच्या परसातले पॉपॉ हा तुमचा फळा आहे.

नाते फुलपाखरांनाही कळते. भारतात हिरव्या चाफ्याच्या, सीताफळाच्या आणि अशोकाच्या पानांवर ‘टेल्ड जे’ या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या पोसतात. इकडे पॉपॉच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘झेब्रा स्वॅलोटेल’च्या. ही दोन फुलपाखरेही एकमेकांची जवळची नातेवाईक.

ओळखायचे कसे

ज्यांच्याकडे ‘हिरवा चाफा’ म्हणून काही आहे, त्यांनी या खुणा पडताळून पाहाव्यात. फूल नसले तरी चालेल.

पहिली खूण आकडा. फुलाचा देठ फांदीतून निघतो तोच कणखर, लाकडी, गळासारखा वळलेला असतो. फूल नसले तरी आकडे झाडावर राहतात. या आकड्यांना स्पर्श कळतो. तार, काठी, शेजारची फांदी, काहीही सापडले की आकडा त्याला धरतो आणि धरल्यावर आणखी जाड होतो. वेल चढतो तो त्यावरच.

दुसरी खूण पान. हिरव्या चाफ्याचे पान गडद, चकचकीत, जरा जाड, टोकदार, फांदीच्या दोन बाजूंना ओळीत. इलांग-इलांगचे पान पातळ, मऊ, कडेला लहरीदार, आणि मलूल झाल्यासारखे लोंबणारे.

तिसरी फूल. हिरव्या चाफ्याच्या पाकळ्या सहा, जाड, चामड्यासारख्या. आतल्या तीन पाकळ्या मधल्या भागावर घुमटासारख्या मिटलेल्या असतात. परागीकरण करणारे छोटे भुंगे त्या बंद खोलीत शिरतात. इलांग-इलांगच्या पाकळ्या लांबट, लोंबत्या, माझ्या ठेंगण्या जातीत तर केसांच्या बटांसारख्या कुरळ्या.

चौथी वास. हिरवा चाफा हिरवा असताना त्याला वास नसल्यात जमा. तो पिवळा पडायला लागला की वास सुटतो, आणि तो फुलाचा कमी, पिकलेल्या फळाचा जास्त. केळे, फणस, अननस, ज्याला जे आठवेल ते. इलांग-इलांगचा वास अत्तरासारखा, जड, संध्याकाळी दाटणारा.

पाहा, चारही खुणा माझ्यासमोर होत्या. पण मला हिरवा चाफा हवा होता, म्हणून तो मला दिसला.

सात फोन

चूक कळल्यावर पहिला विचार आला की गप्प बसावे. सात घरांतली झाडे जोमात आहेत, सगळे खूश आहेत, आजी ऑक्टोबरमध्ये परत जातील. कोणाचे काय बिघडते?

पण एक घर होते. नाव सांगत नाही, वाचत असेल तर तिला कळेल. तिने माझ्याकडून रोप नेले ते वडिलांसाठी. वडील नाशिकला, अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या लहानपणच्या वाड्यात हिरवा चाफा होता, तो पडला, वाडाही गेला. रोप फुलले तेव्हा तिने फोनवर त्यांना फूल दाखवले. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. तिने मला तेव्हा लिहिले होते की शेवटच्या दिवसांत बाबा त्या फुलाबद्दलच बोलत होते.

आता तिला काय सांगू, की ते फूल चुकीचे होते?

सहा फोन मी एका शनिवारी केले. कोणी हसले, कोणी म्हणाले, ‘‘अहो, आम्हाला तर वास आवडतो, नाव काहीही असू दे.’’ एकाने विचारले, ‘‘म्हणजे आम्ही सत्यनारायणाला फिलिपिन्सचं फूल वाहिलं का?’’ मी हो म्हटले. सातवा फोन दहा दिवस राहिला. शेवटी आजींनाच विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘खोटं तू मुद्दाम सांगितलं नव्हतंस. पण आता कळल्यावर गप्प बसलीस, तर आजपासून ते खोटं होईल.’’

मी तिच्या घरी गेले. सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘बाबांना कळलं होतं, मावशी. फोनवर पाहिल्या पाहिल्या म्हणाले होते, ‘पाकळ्या जरा जास्त वाटतात गं. आणि आकडा दिसत नाही.’ मी म्हटलं, बाबा, इकडची हवा वेगळी आहे. तर म्हणाले, ‘असेल. तू लावलास ना, मग तो चाफाच.’ नंतर दिवसभर वाड्यातल्या चाफ्याच्या गोष्टी सांगत बसले. मी तुम्हाला बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.’’

म्हणजे ती मला सांभाळत होती आणि मी तिला. मधल्या मध्ये झाड बिचारे वाढत होते.

खरा चाफा

मग मी खरे झाड शोधायला लागले. या वेळी विकणाऱ्याला आधी एकच मागणी केली, आकड्याचा फोटो पाठवा. तो म्हणाला, असे आजवर कोणी विचारले नव्हते. जुलैच्या सुरुवातीला दोन फुटी झाड आले, चार आकडे असलेले. प्रवासात दोन कळ्या गळल्या होत्या. आजी रोज संध्याकाळी फेरी मारताना डेकवर येऊन पाहून जायच्या. ‘‘माझं तिकीट दसऱ्याच्या आधीचं आहे, सांग त्याला,’’ असे म्हणायच्या.

ऑगस्टच्या शेवटी एका आकड्यावर कळी धरली. चतुर्थीनंतर दोन दिवसांनी ती उमलली, अगदी पानाच्या रंगाची. मी हुंगले, काहीच नाही. आजी म्हणाल्या, ‘‘थांब. घाई करू नकोस. पिवळं होऊ दे.’’

आता खरा पेच पुढे होता. घरात गणपती बसलेले, फूल एकच. हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत, आणि वाहिलेले आजींना कसे देणार? माझ्या नवऱ्याने सुचवले की गणपतीला विचारू. आजींनी प्रश्नच ठेवला नाही. ‘‘गणपती दरवर्षी येतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी पुन्हा येईन की नाही माहीत नाही. फूल मला दे.’’

चौथ्या दिवशी संध्याकाळी दार उघडले तर डेकभर पिकल्या फणसासारखा वास. मी फोन केला. आजी घरातल्या सपातांवरच आल्या. त्यांनी फूल तोडू दिले नाही. आकड्याला एक बोट लावले, मग वाकून डोळे मिटून वास घेतला. मी विचारले, ‘‘हाच ना?’’

‘‘हाच,’’ त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. ‘‘आई ट्रंकेत ठेवायची, लुगड्यांच्या घडीत. आठ दिवस वास राहायचा. ट्रंक उघडली की आधी आई यायची, मग लुगडी.’’

नंतर जाता जाता इलांग-इलांगच्या कुंडीकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘आणि त्याला टाकू नकोस हं. त्याने काय केलंय?’’

सप्टेंबरच्या शेवटी शेजाऱ्यांनी पॉपॉची फळे दिली. आजींनी चमच्याने गर खाल्ला, काळ्या चपट्या बिया ओळीत मांडल्या आणि निकाल दिला, ‘‘सीताफळच आहे, फक्त आंब्याच्या घरी दत्तक गेलंय.’’ त्या त्यांच्या तिकिटाप्रमाणे दसऱ्याआधी गेल्या.

लावायचा असेल तर

आता नेहमीचे काम. हिरवा चाफा आपल्या हवेत कुंडीतच ठेवावा लागतो. माझा अनुभव एका मोसमाचा आहे, पण त्याच्या भावंडाचा आणि अनंत-मोगऱ्यांचा बराच जुना, तेव्हा एवढे नक्की सांगते.

झाड घ्यायचे ते इथल्याच रोपवाटिकेतून. भारतातून येताना बॅगेत रोप किंवा बी आणू नका. रोपाला आणि बियांना रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते, बियांना वेगळा परवाना, आणि विमानतळावर ते जप्त होते तेव्हा तुमच्याबरोबर लाडूही उघडले जातात. बी रुजायला कित्येक महिने घेते आणि फुलायला वर्षे, त्यामुळे तसाही धीर हवा.

बाहेर काढायचे ते मेच्या शेवटी, दहिवराची भीती संपल्यावर. पहिला आठवडा सावलीत, नाहीतर पाने भाजतात. आत घ्यायचे ते रात्रीचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास यायला लागले की, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात. हॅलोवीनपर्यंत थांबणाऱ्यांची झाडे मी पाहिली आहेत. आत घेण्याआधी पानांची खालची बाजू आणि आकड्यांच्या बेचक्या तपासा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तिथेच लपते. सापडली तर ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाच्या तेलाचा फवारा.

हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी आणि वर ग्रो-लाइट. फर्नेसच्या कोरड्या झोतात कुंडी ठेवू नका, लाल कोळी लगेच येतो. खाली खडे घातलेल्या ताटात पाणी ठेवा. पाणी कमी द्या, वरचा इंचभर थर सुकल्यावर. थंडीत झाड झोपल्यासारखे असते; त्याला खत घालून उठवू नका.

मातीत पाइनची साल आणि कोकोपीट मिसळा, पाणी साचता कामा नये. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजा. मातीचा सामू वाढला की असे होते. अशा वेळी आम्लप्रेमी झाडांचे, म्हणजे अझेलियाचे वगैरे मिळते ते, खत अर्ध्या मात्रेत द्या. शहराबाहेर ज्यांच्याकडे विहिरीचे जड पाणी आहे, त्यांनी पावसाचे पाणी साठवून वापरावे. मिठाचे सॉफ्टनर लावलेले पाणी तर कुंडीला अजिबात नको.

आणि आकड्याला धरायला काहीतरी द्या. बांबूची चौकट, जुनी शिडी, काहीही चालेल. छाटणी फुले येऊन गेल्यावर हलकीच करा. आकडे पाहून करा, सरसकट कापू नका. त्याच आकड्यांवर पुन्हा फूल येऊ शकते.

जाता जाता, ज्या सात घरांत माझे रोप आहे त्यांना विनंती. झाड ठेवा, नावाची पाटी बदला. ज्यांना खरा चाफा हवा असेल त्यांच्यासाठी येत्या जूनमध्ये मी गुटी कलमे बांधणार आहे. झाड लहान आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी फार तर दोन निघतील. पहिले नाशिकच्या मुलीच्या घरी जाईल, हे ठरले आहे. दुसऱ्यासाठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात चिठ्ठी टाकू. चिठ्ठीत नाव घालण्याआधी पाकळ्या किती ते सांगावे लागेल.

चिपळूणहून परवा आजींचा फोन आला होता. पहिला प्रश्न, ‘‘आत घेतलंस का?’’

घेतले आहे, आजी. जेवणघराच्या खिडकीत आहे. चार आकड्यांचे पाच झाले आहेत आणि पाचव्याने पडद्याची दोरी धरली आहे. ती आता सोडवत नाही.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. पुढच्या वर्षी सोनटक्क्याबद्दल लिहीन. तोपर्यंत कोणाकडे ‘सोनटक्का’ म्हणून काही लावलेले असेल, तर मला आधी दाखवा.